सहा खणांची शाळा : एका प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

काम पक्कं झालं. मुलींच्या एका शाळेत ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, प्रदर्शन आहे. त्यासाठी लाकडी प्रतिकृती हवी. मॅडमची मागणी एका वाक्यात होती, "भिडे वाडा करून द्या."

फोनवर हो म्हटलं नाही. भिडे वाड्याचे जे फोटो सगळ्यांना ठाऊक आहेत ते त्याच्या अखेरच्या वर्षांतले. खाली दुकानं, वरचा मजला ढासळलेला, भिंतीतून झाडं उगवलेली. त्या फोटोंवरून प्रतिकृती केली तर ती २०२३ सालच्या पडक्या इमारतीची होईल. प्रदर्शनाचा विषय १८४८ आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात शाळा उघडली तेव्हा तो एक नांदता वाडा होता.

माझा प्रस्ताव असा : एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा, पुण्याच्या बुधवार-कसबा पेठेत शोभेल असा मध्यम ऐपतीचा दुमजली वाडा करायचा, त्यात एक वर्ग भरलेला दाखवायचा आणि पाटीवर तसंच स्पष्ट लिहायचं. मॅडम म्हणाल्या, "बघू." म्हणजे हा विषय पुन्हा निघणार.

प्रमाण १:२०. पाच फुटांचा खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, तीन इंचांचा होतो, हिशेब तोंडी करता येतो. दर्शनी बाजू पाच खण, खोली नऊ खण, मधे चौक. वर्गाची जागा सहा खणांची : तीन लांब, दोन रुंद.

१० नोव्हेंबर

रविवार, म्हणून जुना बाजार. पाडलेल्या वाड्यांच्या लाकडाचे तुकडे इथे अजून मिळतात, फक्त दर आता अँटिकवाल्यांनी चढवून ठेवले आहेत. कोरीव केळफुलाचा एक तुटका तुकडा होता, त्याची किंमत ऐकून खाली ठेवला. आपल्याला नक्षी नको आहे, रेषा सरळ असलेलं जुनं सागवान हवं. एका तुळईचा दीड हात लांबीचा अवशेष मिळाला. आत खिळे आहेत हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही, पण जुन्या सागात ते असतातच.

सुतारमामांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. "साहेब, हे लाकूड आपल्या दोघांच्या वयाच्या बेरजेपेक्षा मोठं आहे," म्हणाले, आणि लगेच विचारलं की करवतीचं पातं कोण देणार. मी देणार.

१४ नोव्हेंबर

कसब्यातल्या ओळखीच्या वाड्यात मापं घ्यायला गेलो. मालकांनी नाव लिहू नका म्हटलं आहे. डेव्हलपरशी बोलणी चालू आहेत.

सोबत नववीतल्या दोन मुली होत्या, शाळेनं मदतीला दिलेल्या. मला वाटलं होतं टेपचं टोक धरायला उपयोग होईल. त्यांनी तासाभरात माझ्यापेक्षा जास्त पाहिलं.

पहिली गोष्ट दिंडी. मोठ्या दरवाजाच्या एका फळीत बसवलेला हा लहान दरवाजा जेमतेम चार फूट उंच. मोठा माणूस वाकून, एक पाय उंबऱ्यापलीकडे टाकून, तिरका होऊन आत येतो. त्या अवस्थेत हातातलं शस्त्र उपसता येत नाही, म्हणून ही उंची, असं सांगतात. धाकटी मुलगी मात्र मान थोडी झुकवून सहज आत गेली आणि म्हणाली, "हे आमच्याच मापाचं आहे." आठ-नऊ वर्षांच्या मुलीला तर वाकावंही लागणार नाही. हे प्रतिकृतीत दिसलं पाहिजे : दरवाजा बंद, दिंडी उघडी.

दुसरी, अडसर. दरवाजाच्या मागे भिंतीत खोल चौकोनी भोक असतं, त्यात चांगला मनगटाएवढा जाड लाकडी दांडा सरकवून ठेवलेला असतो. रात्री तो ओढून दाराला आडवा लावायचा. इथला अडसर अजून जागेवर आहे आणि सरकतोही. दोघींनी तो चार वेळा आत-बाहेर केला.

तिसरी आणि महत्त्वाची, जिना. वाड्याचा जिना शोधावा लागतो. तो भिंतीच्या जाडीत असतो. रुंदी दोन फूट, पायरीची उंची दहा-अकरा इंच, आणि उजेड नाहीच. इथे वरच्या टोकाला फळीची झडप होती. ती पाडली की खालचा माणूस वर येऊ शकत नाही. आपण घर बांधताना जिना दिमाखात दाखवतो, त्या काळी तो लपवायचे.

बाकी नेहमीचं. काळ्या दगडाचं जोतं दोन फुटांचं. तळखड्यावर, म्हणजे पायथ्याच्या दगडावर, उभे सहा इंची खांब. खांबांवर तुळया, तुळयांवर तीन इंची कड्या, कड्यांवर पाट, त्यावर माती आणि चुना. कडीपाटाचं हे छत खालून पाहिलं की खोलीचा सगळा हिशेब कळतो : किती खण, किती कड्या, कुठे दुरुस्ती झाली. कड्यांपैकी दोन निलगिरीच्या निघाल्या, कुणीतरी नंतर बदललेल्या. भिंत हे सगळं पेलते असं वाटतं, पण बराचसा भार लाकडी सांगाडाच घेतो. खांब भिंतीत पुरलेले असतात. म्हणूनच वाड्याची भिंत पडली तरी मजला बरीच वर्षं उभा राहतो, आणि गळतीनं तुळई कुजली की धडधाकट भिंतींतला मजला खाली येतो. पुण्यातले किती वाडे माणसानं पाडले आणि किती नुसते कौलांची डागडुजी न केल्यानं पडले, याचा विचार केला की दुसरं कारण मोठं वाटतं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. शाळेत केंद्र, मुलींना सुट्टी, मामा गावी. पट्ट्या कापल्या : खांब ८ मिमी, कड्या ४ मिमी. पहिल्याच फाडीत खिळा लागून पातं गेलं.

२३ नोव्हेंबर

विश्रामबाग वाडा. बाहेर निकालाच्या मिरवणुका सुरू होत्या, आत शुकशुकाट.

दुसऱ्या बाजीरावानं १८०७ च्या सुमारास बांधून घेतलेला हा वाडा आपल्या प्रतिकृतीचा नमुना होऊ शकत नाही. इथली सुरूच्या आकाराच्या कोरीव लाकडी खांबांची गच्ची आणि पेशव्यांचा खर्च भिड्यांच्या आळीत शोभणारा नाही. १८७९ मध्ये लागलेल्या आगीतून पुढे त्याचा दर्शनी भाग पुन्हा उभा राहिला. पण प्रदर्शनाच्या गोष्टीत या वाड्याला वेगळी जागा आहे. पेशवाई गेल्यावर १८२१ पासून इथे सरकारी संस्कृत पाठशाळा होती, तिचं पुढे पूना कॉलेज झालं. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी याच वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतिरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. पुढच्या फेब्रुवारीत मुलींची जाहीर परीक्षा पूना कॉलेजच्या आवारात झाली, तेव्हा पाहायला तीन हजारांच्या आसपास लोक जमल्याचं सांगतात.

म्हणजे चार-पाच वर्षांत गोष्ट कुठून कुठे आली. सुरुवात एका खासगी वाड्यात, काळोख्या जिन्याच्या आसपास. येता-जाता सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल पडायचा, म्हणून त्या जादा लुगडं जवळ ठेवत. आणि मग त्याच मुली पेशव्यांच्या चौकात, गावासमोर उभ्या राहून हिशेब सोडवतात. ज्या वास्तूत एके काळी वेदशास्त्रसंपन्नांची परीक्षा व्हायची तिथे. चौकाच्या एका खांबाला टेकून मी मुलींना हे सांगत होतो तर थोरलीनं विचारलं, "त्यांना माईक नसताना ऐकू गेलं असेल?" चौकाच्या भिंतींमुळे आवाज घुमतो हे तिला टाळी वाजवून दाखवलं. तीन हजारांना ऐकू जाणं मात्र कठीणच.

२९ नोव्हेंबर

पाटीवरून बैठक. दीड तास.

मॅडमचं म्हणणं : लोक भिडे वाडा पाहायला येणार, त्यांना "असाच एखादा वाडा" म्हणून काय देता? शाळेचे एक विश्वस्त तर म्हणाले की कुणी मोजायला येणार आहे का. नेमकी हीच गोष्ट मला खटकते. मुलांच्या प्रदर्शनात ठेवलेली वस्तू पुढे फोटो होऊन फिरते. पाच वर्षांनी कुणीतरी "भिडे वाड्याची मूळ रचना" म्हणून माझ्या खोक्याचा फोटो छापेल.

तडजोड : मोठ्या अक्षरांत "१८४८ च्या सुमाराचा पुण्यातला वाडा आणि त्यात भरलेली मुलींची शाळा". खाली भिडे वाड्याचा शेवटच्या अवस्थेतला फोटो आणि त्याचा खरा इतिहास. मला मान्य.

दुसरा वाद "पहिली" या शब्दावर. अमेरिकन मिशननं मुंबईत १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती. तेव्हा पाटीवर "भारतीयांनी चालवलेल्या मुलींच्या पहिल्या शाळांपैकी एक" एवढं नेमकं हवं. त्यानं फुले दांपत्याचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उलट मिशनच्या पाठबळाशिवाय, घरातून बाहेर पडावं लागून, जागा मागून-मागून हे चाललं हे त्यातून उठून दिसतं. जागा मागून हे शब्दशः खरं आहे. ३ जुलै १८५१ ची शाळा बुधवारातच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात. १७ सप्टेंबर १८५१ ला रास्ता पेठेत. १५ मार्च १८५२ ला वेताळ पेठेत. मुंबईतही हीच रीत : १८४९ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीनं मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा नाना शंकरशेटांनी स्वतःची जागा दिली. मुलींच्या शाळेची इमारत असा प्रकारच तेव्हा आपल्याकडे रुजलेला नव्हता. कुणाची तरी ओसरी, कुणाची माडी.

"वारसा वास्तू" म्हणून आपण शोधतो ते कमानी, घड्याळाचा मनोरा, कोरलेली तारीख. मुलींच्या शिक्षणाचा वारसा पहिली तीसेक वर्षं दुसऱ्याच्या घरात राहिला, म्हणून तो अशा यादीत चटकन सापडत नाही.

५ डिसेंबर

गेल्या वर्षी याच सुमारास, ४ डिसेंबरच्या रात्री, भिडे वाडा पाडला गेला. भाडेकरू आणि महापालिका यांच्यातला खटला तेरा वर्षं चालला, ३ नोव्हेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि मग महिनाभरात काम तमाम. यंदा २९ सप्टेंबरला तिथल्या स्मारकाचं भूमिपूजन झालं.

दुपारी दगडूशेठसमोरून गेलो. गणपतीला तोबा गर्दी. समोर भिडे वाड्याच्या जागेकडे पाहणारे कमी.

स्मारक व्हायलाच हवं, यात दुमत नाही. पण पाडण्याआधी जे काही जुनं लाकूड, दगड शिल्लक होतं त्याचा तुळई-तुळईनं हिशेब होऊन ते नव्या इमारतीत बसलं असतं तर मला जास्त आवडलं असतं. वाडा हा जोडून केलेला सांगाडा असतो. कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, काढलं की खांब-तुळई सुटते आणि दुसरीकडे पुन्हा जोडता येते. हे तंत्र जुन्या सुतारांना पाठ होतं.

११ डिसेंबर

आता वर्ग. सगळ्यात अवघड भाग, कारण ठेवायला वस्तूच नाहीत. बाक नाहीत, टेबल नाही. मॅडमना खडू-फळा हवा होता. आम्ही धूळपाट्या केल्या : बोटाच्या पेराएवढी फळी, कडेला पट्टी, वर बारीक चाळलेली विटकर. त्यावर बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं आणि पुसून टाकायचं. धाकटीनं सुईच्या टोकानं एका पाटीवर "ग" काढला, तो भिंगातून दिसतो.

फुल्यांच्या शाळांत वाचन, मोडी, अंकगणित, व्याकरण, इतिहास शिकवत आणि नकाशेही असत. नकाशा म्हटल्यावर अडचण आली. वाड्याच्या भिंतीत दर दोन-तीन फुटांवर कोनाडा. कोनाडे दिव्याला, भांड्याला, देवाला. नकाशा टांगायला अखंड भिंत हवी, ती माजघरात मिळत नाही, सोप्यातही (चौकाकडे उघड्या ओसरीतही) नाही. शेवटी नकाशा दोन खांबांच्या मधे, तुळईला दोरीनं टांगला. म्हणजे मुली चौकाकडे पाठ करून बसणार की चौकाकडे तोंड करून? नकाशावर उजेड पडायचा तर पाठ चौकाकडे हवी आणि नकाशा आतल्या खांबांना हवा. मुलींनी कागदाच्या बाहुल्या मांडून अर्धा तास यावर भांडण केलं. असे प्रश्न मलाही आधी सुचले नव्हते, आणि खरं सांगायचं तर प्रतिकृती करायची ती याचसाठी.

२१ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात लहान दिवस, म्हणून आजच उजेडाची चाचणी. दिवा नको, खरंच ऊन वापरू म्हटलं. छप्पर बसवलेली प्रतिकृती गच्चीत नेली, दिंडी दक्षिणेला ठेवली, आणि साडेबाराची वाट पाहिली. पुण्यात आज माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो.

चौक दहा फुटांचा, भोवती दुमजली पाखा. दक्षिणेकडच्या छपरावरून आलेलं ऊन उत्तरेच्या बाजूला पोचतं ते वरच्या मजल्यावर. तळमजल्याच्या सोप्यात ते पोचतच नाही. दक्षिणेची पाख आणि वरचा सज्जा या दोघांत अडकतं. माडीवर मात्र कठड्याच्या आत इंचभर पट्टा उमटला. खऱ्या मापात हातभर. तो पट्टा जिथे पडला तिथेच मुलींनी धूळपाट्या मांडल्या.

मेच्या मध्यात, शून्य सावलीच्या दिवसाजवळ, याच चौकात ऊन सरळ तळाला जाईल आणि माडी तापेल. तेव्हा खालचा सोपाच बरा. आमच्या प्रतिकृतीपुरता निष्कर्ष इतकाच की अशा वाड्यात शाळा चालवणाऱ्यांना हिवाळ्यात माडी आणि उन्हाळ्यात सोपा असं करणं सोयीचं पडेल. म्हणून पट्ट्या लावून वर्ग हलता ठेवला : धूळपाट्या, नकाशा, चटया एका पातळ फळीवर, ती वर-खाली बदलता येते.

मामांना हे सगळं पोरखेळ वाटत होतं. पण ऊन पडल्यावर तेच वाकून बघत राहिले. म्हणाले, आमच्या आजीच्या वाड्यात गोधड्या याच जागी वाळत घालायच्या.

२४ डिसेंबर

प्रदर्शनाचा दुसरा फलक : वाड्यातून स्वतःच्या आवाराकडे. म्हणजे हुजूरपागा.

२९ सप्टेंबर १८८४. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या पुढाकारानं मुलींचं हायस्कूल सुरू झालं. सर विल्यम वेडरबर्न यांची मदत. शाळेचं अधिकृत नाव सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांचं, एच. एच. सी. पी., पण पुण्यात तिला हुजूरपागाच म्हणतात, कारण लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या जागेत पेशव्यांच्या खाशा घोडदळाची पागा होती. घोड्यांच्या जागी मुली आल्या यावर तेव्हा कितीजणांनी कोट्या केल्या असतील!

फलकावर मला एक वाद घालायचा आहे. शाळा अकरा ते पाच भरायची. टिळकांनी याला विरोध केला. मुलींना घरकाम शिकायला वेळ राहत नाही, दिवसाला तीन तास पुरेत, असं त्यांचं म्हणणं. सहसा हा वाद अभ्यासक्रमाचा म्हणून सांगतात. इमारतीच्या अंगानं पाहिलं तर तो जागेचाही आहे. तीन तासांची शाळा कुणाच्याही ओसरीत भरू शकते. घरचे उठायच्या आत चटया गोळा करता येतात. अकरा ते पाच शाळा भरवायची तर मधली सुट्टी आली, डबा आला, पाणी आलं, खेळायला आवार आलं, बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह आलं. म्हणजे भिंती लागल्या, फाटक लागलं. पूर्ण दिवस मागणं म्हणजे इमारत मागणं. पुढे याच वसतिगृहात सात वर्षांची इरावती करमरकर राहायला आली, तिला आपण इरावती कर्वे म्हणून ओळखतो. शांता शेळके याच शाळेच्या.

हिंगण्याची गोष्टही दोन ओळींत घेतली. १९०० मध्ये महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी गावाबाहेर माळावर पाचशे रुपयांत झोपडी बांधली आणि पुण्यातून रोज पायी जाऊन आश्रम चालवला. विधवांच्या आश्रमाला गावात वाडा मिळणं सोपं नव्हतं, म्हणून थेट माळ. तिथे निदान मालक दार लावून घेणार नव्हता.

मॅडमनी फलक वाचला, "टिळकांचं ठेवायचंच का?" विचारलं. ठेवायचंच. त्यांनी सही केली.

३० डिसेंबर

चुन्याचा हात फिरवून झाला. विकतचा रंग भिंतीवर मेणचट दिसत होता, म्हणून भिजवलेला चुनाच पातळ करून ब्रशनं तीन वेळा लावला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. पंखा लावू नका असं मामांनी बजावून ठेवलंय.

छप्पर सुटं ठेवलं. त्यावर मंगलोरी कौलं नाहीत, कारण ती १८६५ नंतरची. कुंभाराची हातची नळीची कौलं भाजक्या मातीत केली. हे कुणाला दिसणार नाही, पण दिसलंच तर बरोबर दिसेल. विश्वस्तांना मंगलोरीच हवी होती, "ओळखीची वाटतात" म्हणून.

दिंडीत एक मुलगी ठेवायची का, यावर मतदान. दोघी म्हणाल्या हो, मामा म्हणाले नको, बाहुली मोडते. ठेवली. पितळेच्या तारेत बसवली आहे.

२ जानेवारी २०२५

टेंपोनं पोचवली. मागच्या बाजूचा एक कठडा सुटला, जागेवरच चिकटवला. वर्ग सध्या माडीवर आहे. जूनपर्यंत प्रतिकृती शाळेतच राहणार असेल तर एप्रिलमध्ये फळी खाली आणायची, हे ग्रंथपाल ताईंना दाखवून दिलं आणि कागदावरही लिहून दिलं.

पाटीत "वेताळ पेठ" ऐवजी "वेताळ पेट" छापून आलंय, उद्या सकाळी नऊच्या आत दुसरी प्रिंट. पेटीची काच तीन मिमीची आली आहे, चारची ठरली होती. काचवाल्याला फोन केला, तो म्हणतो दुपारी बदलून देतो. मामांचे उरलेले अडीच हजार द्यायचे आहेत.